पिवळे पडलेले हेडलाइट: घरी घासावेत की सरळ बदलावेत?

घोडबंदरी
मंडळी नमस्कार. गाडी २०११ ची वॅगनआर, पेट्रोल, इंजिन ठणठणीत, एसी गारेगार, फक्त हेडलाइट असे पिवळट धुरकट झालेत की आत बल्ब आहे हे निव्वळ विश्वासावर मानायचं. कासारवडवलीला सोसायटीत स्टिल्ट पार्किंग लॉटरीत लागलं नाही म्हणून गाडी कायम उघड्यावर, तोंड पश्चिमेला, दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट लाइटवर. रात्री गायमुख घाटात डिपरवर रस्ता दिसत नाही आणि समोरून ट्रेलर आला की मग तर आनंदच. अप्पर मारून चालवावं तर समोरच्याच्या शिव्या.

गॅरेजवाला म्हणतो दोन्ही ॲसेंब्ली, म्हणजे अख्खे लाइटच, बदला साहेब. डिटेलिंगवाला म्हणतो अर्ध्या तासात नव्यासारखे करून देतो. बायको म्हणते टूथपेस्ट लाव, तिने रील बघितलंय. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतायत, आरसी रिन्यू करायला आरटीओत दाखवायची आहे, तिथे हे ध्यान चालणार नाही. घरी कोणी केलंय का, आणि केलं तर टिकतं किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा, शक्यतो पांढरा.

रिकामटेकडा
टूथपेस्ट खरंच चालते हो. पांढरीवाली घ्यायची, जेल नको. माझ्या मेव्हण्याने ओल्या फडक्याने गोल गोल घासलं, एकदम चकाचक.

सईची_आई
आणि ते चकाचक राहिलं किती, हे पण विचारा की मेव्हण्याला.

रिकामटेकडा
विचारलं. गणपतीत घासले होते, दिवाळीला परत होते तसेच म्हणतो. पण तेवढी दिवाळी तरी उजेडात गेली ना!

नेरुळकर
वाचतोय. माझी पण सेम केस आहे, आय१०. मी बाहेरून करून घेतलं होतं, त्यावर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

पॉलिमरवाला
तुर्भ्याला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये बरीच वर्षं घातली आहेत त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

हेडलाइटच्या पुढची ती पारदर्शक काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. पद्मिनी, ॲम्बेसेडरला खरी काच होती म्हणून त्या कितीही म्हाताऱ्या झाल्या तरी लाइट पिवळे झाले नाहीत, दगड लागून फुटले एवढंच. अमेरिकेत तर १९८३ पर्यंत सीलबंद काचेचेच लाइट लावायची सक्ती होती, मग नियम सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला पहिल्यांदा प्लास्टिक काचेचे, बल्ब बदलता येणारे लाइट आले. हलकं, न फुटणारं, हवा तो आकार देता येतो, म्हणून हळूहळू सगळ्यांनीच ते घेतलं.

पण पॉलिकार्बोनेटचे दोन दुर्गुण आहेत. एक म्हणजे ते मऊ असतं, कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी ओरखडे येतात. दुसरं म्हणजे उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, वरच्या वर त्याची रचना मोडते आणि जे नवीन रेणू तयार होतात ते पिवळे असतात. हे दोन्ही टाळायला कंपनी कारखान्यातच वर एक कडक कोट देते, जाडी साधारण दहाएक मायक्रॉन, त्यातच अतिनील शोषणारं रसायन असतं. तो कोट कायमचा नसतो. ऊन, धूळ, बल्बची उष्णता, पावसाळ्यातली ओल यांनी तो दमतो, भेगाळतो, पापुद्रे सुटतात. लाइटचा वरचा भाग आधी जातो आणि खालची कड शाबूत राहते, ते यामुळेच, वरच्या भागावर ऊन जास्त पडतं.

आता मुद्द्याचं. घासून पिवळेपणा काढणं सोपं आहे, पॉलिकार्बोनेट बिघडतं ते फक्त पृष्ठभागालगत, खाली माल चांगला असतो. पण घासताना तुम्ही पिवळ्याबरोबर कंपनीचा उरलासुरला कोटही काढता, म्हणजे खालचं ताजं प्लास्टिक आता उन्हासमोर उघडं. टूथपेस्टवाल्यांचं, कंपाउंडवाल्यांचं आणि बहुतेक अर्ध्या तासवाल्यांचं गणित इथेच फसतं. घासण्यापेक्षा नंतर त्यावर काय चढवता त्याला महत्त्व आहे. वर काही चढवणार नसाल तर हातच लावू नका, पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा लवकर पिवळे होतील.

घोडबंदरी, काहीही विकत घ्यायच्या आधी एक करा. लाइट साबणाने धुवा आणि ओला असतानाच बघा. ओल्या लाइटमधून आतलं स्वच्छ दिसलं आणि वाळल्यावर परत धूसर झालं तर बिघाड बाहेरच्या बाजूला आहे, घासून सुटेल. ओला असूनही आत धुकं दिसत असेल तर ते आतून आहे, म्हणजे सील गेलंय किंवा मागची रबरी टोपी नीट बसलेली नाही, किंवा चंदेरी रिफ्लेक्टरच काळवंडलाय. मग बाहेरून कितीही घासा, काही होणार नाही.

घोडबंदरी
पॉलिमरवाला सर, दंडवत. आत्ता खाली जाऊन पाणी ओतून आलो, वॉचमन विचारत होता रात्री गाडी का धुताय. ओलं असताना दोन्ही बरेच साफ दिसतात, थोडी पिवळी झाक राहते पण आतला बल्ब, रिफ्लेक्टर सगळं दिसतं. उजव्यात आतल्या बाजूला खाली जरा बाष्प आहे.

पॉलिमरवाला
मग बाहेरचंच आहे. उजव्याची मागची रबरी टोपी तपासा, बल्ब बदलताना गॅरेजवाले ती वाकडी बसवतात किंवा बसवतच नाहीत. टोपी काढून एक दिवस उन्हात ठेवली गाडी की बाष्प जाईल, मग नीट बसवा.

टपरीवरचा_चहा
एवढा खटाटोप कशाला, ॲसेंब्ली टाका नवीन. कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, जोडी मिळेल, घासाघीस करून घ्यायची. पाना चालवता येत असेल तर बसवणं पण जमतं.

सईची_आई
नवीन टाकणं हा उत्तम उपाय आहे, त्यात वादच नाही, पण कंपनीची असली तर. स्वस्तातल्या लोकल ॲसेंब्लीचा कोट कसा असेल काय सांगता येत नाही, आमच्या शेजारच्यांची लोकल जोडी आमच्या घासलेल्या लाइटच्या आधी पिवळी झाली. आणि डिपरची कट-ऑफ लाइन, म्हणजे उजेडाची वरची कड, नीट पडत नाही ती वेगळीच डोकेदुखी.

अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये मोजमाप केलं होतं. जुन्या धूसर लाइटमधून नव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा उजेड बाहेर पडत होता, घासून दुरुस्त केल्यावर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला, आणि कंपनीचे नवीन लावले तर अर्थातच पूर्ण. म्हणजे घासून शंभर टक्के होत नाही हे धरूनच चाला. पण जी गाडी अजून चार-पाच वर्षंच वापरायची तिला पाचव्या हिश्श्यावरून सत्तर टक्के म्हणजे खूप झालं.

मी आमच्या स्विफ्टचे केले आहेत, २के क्लिअर (हार्डनर मिसळलेला पारदर्शक थर) मारून, दोन पावसाळे झाले, अजून स्वच्छ आहेत. कोणाला हवं असेल तर पद्धत लिहिते.

घोडबंदरी
ताई, विचारताय काय, लिहाच!

सईची_आई
लिहिते. मोबाइलवरून आहे, चुकाभूल समजून घ्या.

सामान: वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, आकडा मोठा तितका बारीक) ६००, ८००, १०००, १५००, आणि शेवटी पॉलिशच करणार असाल तर २००० आणि ३००० पण. हार्डवेअरवाल्याकडे १००० पर्यंत सहज मिळतात, पुढचे ऑटो पेंटच्या दुकानात विचारा. मास्किंग टेप चांगला रुंद, बादली, शाम्पूचे दोन थेंब, जुने सुती कपडे, आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर आणि पेट्रोल अजिबात नाही, त्याने पॉलिकार्बोनेटला आतून बारीक भेगा जातात आणि त्या कशानेच निघत नाहीत.

लाइट गाडीवर असतानाच करत असाल तर कडेने टेप दोन पदरी लावा, बॉनेटच्या कडेवर खास, कारण पेपर एक पदर कधी खातो ते कळत नाही आणि मग लाइट चकचकीत पण बॉनेटचा रंग उडालेला.

पेपर पाण्यात थोडा वेळ भिजवून ठेवायचा, लाइट सतत ओला ठेवायचा. सुरुवात ६०० किंवा ८०० ने. बरेच जण घाबरून २००० पासून सुरू करतात आणि मग म्हणतात जात नाही. जाणारच नाही, तो कडक कोट आहे, त्याला २००० काही करत नाही. आधी पाणी पिवळं निघतं, मग हळूहळू ताकासारखं पांढरं. पांढरं सगळीकडून सारखं यायला लागलं की समजायचं कोट संपला आणि प्लास्टिक लागलं. मध्येच कुठे चकचकीत बेट राहिलं असेल तर तिथे जुना कोट अजून आहे, तो पूर्ण काढायलाच हवा, नाहीतर नंतर त्याची कड पॅचसारखी दिसते. या पायरीला लाइट भयंकर दिसतो, दुधी बल्ब बसवल्यासारखा, तेव्हा घरच्यांना खाली बोलावू नका.

मग १०००. आधीच्या पेपरने आडवं घासलं असेल तर याने उभं. आधीचे सगळे ओरखडे गेले की मगच पुढचा, पुसून, वाळवून, तिरक्या उजेडात बघायचं. पेपर गाळून पुढे उडी मारली तर दिवसा काही कळत नाही, रात्री समोरचा दिवा पडला की रेघा दिसतात. प्रत्येक पेपरच्या आधी बादलीतलं पाणी बदला, जाड कण पाण्यात राहिले की बारीक पेपर वापरून पण ओरखडे पडतात.

यापुढे दोन वाटा. २के क्लिअर मारणार असाल तर १००० किंवा फार तर १५०० ला थांबायचं, पॉलिश करायचं नाही, क्लिअरला पकडायला जरा खरखरीत लागतं आणि बारीक ओरखडे क्लिअर स्वतः भरून काढतं. क्लिअर मारणार नसाल तर २०००, ३००० आणि मग कंपाउंड, आणि त्यावर पीपीएफ फिल्म (रंग जपायला गाडीवर चिकटवतात ती पारदर्शक). नुसतं वॅक्स म्हणजे काही आठवडे, सीलंट म्हणजे काही महिने.

२के म्हणजे क्लिअर अधिक हार्डनर, गाड्यांच्या पेंटिंगला वापरतात तेच. साधा स्प्रे कॅनवाला लॅकर नको, तो स्वतःच पिवळा होतो आणि सोलून येतो. पहिला हात अगदी हलका, नुसतं धुकं टाकल्यासारखा, तो चिकट होऊ द्यायचा, मग दोन ओले हात. पहिलाच हात भरगच्च मारला तर त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिकला खातं.

आणि हे ठळक समजा: हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. कोविडवाला मास्क उपयोगाचा नाही. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा, आणि मोकळी जागा. स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा बाल्कनीत तर मुळीच नाही, शेजारच्यांच्या गाडीवर बारीक फवारा बसला की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो.

रिकामटेकडा
हे वाचून मला टूथपेस्टच बरी वाटायला लागली.

खाडीकाठचा_कावळा
यूट्यूबला एक मस्त ट्रिक आहे, डास पळवायचा स्प्रे मारायचा आणि पुसायचं, पाच सेकंदात क्लिअर! मी बघितलंय.

पॉलिमरवाला
कावळेबुवा, नका. त्या स्प्रेमध्ये डीट नावाचं रसायन असेल तर ते पॉलिकार्बोनेट विरघळवतं. वरचा थर मऊ होऊन पसरतो, भेगा बुजतात, म्हणून तेवढ्यापुरतं चकचकीत दिसतं. व्हिडिओ तिथे संपतो. काही दिवसांनी पृष्ठभाग चिकट, मग धूळ बसून आणखी गढूळ, आणि थेंब ओघळून बंपरवर किंवा रंगावर पडले तर तिथेही डाग.

नेरुळकर
आलो. माझा अनुभव असा की एका डिटेलिंगवाल्याकडे दिली, नाव घेत नाही, त्याने मशीनने कंपाउंड मारलं, वरून काहीतरी पुसलं आणि म्हणाला सर सिरॅमिक कोटिंग आहे, दोन वर्षं बघायला नको. पाम बीच रोडने घरी आलो, तिथे काय दिवेच दिवे, फरक कळलाच नाही पण दिसायला झकास दिसत होती. पावसाळा संपेपर्यंत परत तीच पिवळी. फोन केला तर म्हणे तुम्ही गाडी उन्हात लावता. अरे मग कुठे लावू, फ्रीजमध्ये?

आता हा धागा वाचून कळलं की त्याने जुना कोट पूर्ण काढलाच नव्हता, वरच्या वर चमकवलं.

पॉलिमरवाला
बरोबर. शिवाय सिरॅमिक म्हणून जे विकतात त्याचा थर इतका पातळ असतो की अतिनील किरण त्यात फारसे अडत नाहीत. पाणी मात्र छान ओघळतं, म्हणून गिऱ्हाईक खूश. कुठल्याही दुकानात देताना एवढंच विचारा: जुना कोट पेपरने काढणार का, आणि नंतर क्लिअर मारणार की फिल्म लावणार? उत्तर गोलगोल आलं तर गाडी फिरवा.

मशीनचं पण सांगतो. ड्रिलला फोम पॅड लावून घरी करत असाल तर वेग कमी, पॅड एका जागी थांबवायचा नाही, मधे मधे पाणी शिंपडायचं. घर्षणाने पृष्ठभाग तापून माखला जातो आणि तिथे कायमचा लाटेसारखा डाग राहतो.

सईची_आई
घोडबंदरी, तुम्हाला रेस्पिरेटर वगैरे झेपत नसेल तर एक जुगाड सांगते, मी स्वतः शेवटी हेच केलं. घासायचं काम घरी करा, वेळखाऊ तेच आहे आणि पैसे त्याचेच लागतात. मग लाइट काढून जवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या आणि सांगा की दुसऱ्या कोणाच्या बंपरला क्लिअर मारशील तेव्हा याला पण दोन हात मार. त्याच्याकडे गन आहे, कॉम्प्रेसर आहे, हार्डनर मिसळलेला माल आहे जो तासा-दोन तासांत तसाही घट्ट होऊन फुकट जाणार. नेताना वाटेत हात लावू नका, तेलकट बोट लागलं की तिथे क्लिअर फाटतं. तिथे गेल्यावर अल्कोहोलने पुसायला सांगा, त्याच्या सवयीने तो थिनरचं फडकं मारायला जाईल, तेव्हा हात धरा त्याचा, शब्दशः.

जूनमध्ये हे काम काढू नका. हवेत दमटपणा जास्त असला की क्लिअरवर पांढरट झाक येते आणि मग परत घासा. आणि मे महिन्यात करत असाल तर सकाळी करा, तापलेल्या लाइटवर क्लिअर सपाट बसायच्या आत सुकतं आणि संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत दिसतं.

टपरीवरचा_चहा
हे पेंटरवालं पटलं बुवा. आता मी पण घासणार.

घोडबंदरी
वॅगनआरचे लाइट काढायला बंपर सोडवावा लागतो का?

सईची_आई
मॉडेलप्रमाणे बदलतं, गॅरेजवाल्याकडून काढून घ्या सरळ, त्याला रोजचं आहे, उगाच क्लिपा तोडू नका. परत बसवल्यावर त्याच्याकडूनच फोकस सेट करून घ्या. लाइट साफ झाल्यावर उजेड एकदम वाढतो, आणि फोकस वर राहिला असेल तर तो सगळा समोरच्याच्या डोळ्यात. घोडबंदर रोडला आधीच त्याची कमी नाही.

खाडीकाठचा_कावळा
एवढं करण्यापेक्षा शंभर वॉटचा बल्ब टाकला तर? नाहीतर एलईडी.

पॉलिमरवाला
त्या लाइटला एच४ बल्ब येतो, ६०/५५ वॉटचा. शंभरचा टाकलात तर वायरिंग आणि होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळतो, लाइट आतून आणखी लवकर जातो, आणि कायद्यातही बसत नाही. एलईडीची गंमत वेगळी आहे. धूसर काचेमागे जितका तेज दिवा लावाल तितका उजेड विखुरतो. रस्त्यावर पडत नाही, हवेत पसरतो. पावसात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. आधी काच, मग पाहिजे तर चांगल्या कंपनीचा साधा हॅलोजन, जुना बल्ब पण वयाने मंद होतो हे कोणी लक्षात घेत नाही.

नेरुळकर
अवांतर: पार्किंगचं काय करायचं? कव्हर घातलं तर रोज काढा-घाला, आणि आमच्याकडे धूळ एवढी की कव्हरच पेपरसारखं घासतं.

सईची_आई
पूर्ण कव्हर नकोच मग. शक्य असेल तर गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावा, सावली लाइटवर पडली तरी खूप फरक पडतो. आणि घोडबंदरी, तुम्ही तोंड पूर्वेला करून लावलीत तर दुपारचं कडक ऊन मागच्या काचेवर जाईल, ती खरी काच आहे, तिला काही होत नाही. रिव्हर्स लावायचा आळस करू नका.

घोडबंदरी
अपडेट देतो. या रविवारी डावा घासला. ६०० पासून सुरू केलं, ताईंनी सांगितलं तसं पाणी आधी हळदीच्या रंगाचं निघालं, वरच्या कोपऱ्यातलं एक बेट काही केल्या जाईना, तिथे फार वेळ गेला. खांदे भरून आलेत. सोसायटीतले निम्मे काका लोक येऊन बघून सल्ले देऊन गेले, त्यातल्या दोघांना आता स्वतःच्या गाडीचे करून हवेत. उजवा पुढच्या रविवारी, मग दोन्ही पेंटरकडे. त्याच्याशी बोललो, आधी म्हणाला प्लास्टिकवर मारत नाही साहेब, मग चहा पाजल्यावर तयार झाला. फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथे अपलोड होत नाहीयेत.

रिकामटेकडा
मेव्हणा धागा वाचतोय. विचारतोय मागचे टेललाइट पण असेच घासायचे का, ते फिके पडलेत.

पॉलिमरवाला
मेव्हण्यांना सांगा थांबा! टेललाइट बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, पॉलिकार्बोनेटचे नव्हेत. ॲक्रिलिक उन्हाला बरंच जास्त सोसतं, पिवळं होत नाही, वर तो कडक कोट पण सहसा नसतो, त्यामुळे ६०० चा पेपर लावलात तर फुकटचं काम वाढवून घ्याल. आधी साबणाने धुवा, मग बारीक पॉलिश कापडाने हलक्या हाताने, तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. अल्कोहोल मात्र तिथे नको, ॲक्रिलिकला त्याने भेगा जातात. लाल रंगच विटलेला असेल तर तो मालातच मिसळलेला असतो, घासून परत येत नाही, टेललाइट बदला.

रिकामटेकडा
त्याने मागचा डावा सुरू केला होता. थांबवलाय.